हंडीत ठेवलेली नाळ

माझ्या धाकट्या बहिणीची पोरगी पाच वर्षांची होती तेव्हा तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी एकदा गेला, आम्ही तुळजापूरला जाऊन नवस फेडून आलो, आणि वर्षाच्या आत तो परत आला. हैदराबादच्या डॉक्टरांनी मग आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, औषधांनी आजार पुन्हा दबेल, पण दबून राहणार नाही. तो दबलेला आहे तेवढ्यात कुणाच्या तरी स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, तिच्या अंगात घालाव्या लागतील, नाहीतर पोरगी हातची जाईल. 'हातची जाईल' हे माझे शब्द. त्यांनी इंग्रजीत सांगितलं होतं, अर्थ तोच.

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. आमचं माहेर निलंग्याकडचं. मला नांदेडला दिलं, तिला लातूरला. आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच. दोघींत फटकळ मी, ती गरीब गाय. म्हणून डॉक्टरांशी बोलणं, फोन करणं, समोरच्यानं उत्तर दिलं नाही तर त्याचं डोकं खाणं, हे सगळं माझ्याकडं आलं. तिचा नवरा भला माणूस, पण डॉक्टरांसमोर बसला की नुसती मान डोलवायचा आणि बाहेर आल्यावर मला विचारायचा, "अक्का, काय म्हणले हो ते?"

स्टेम सेल कुणाच्याही चालत नाहीत. रक्तगट जुळला की झालं, असंही नाही; फार बारीक जुळवावं लागतं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. आई-बापाचं निम्मं जुळत होतं, तसं ते प्रत्येक लेकराचं जुळतंच. निम्म्यावरही करता येतं, पण त्यात धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी ते अगदीच काही नाही जमलं तर म्हणून बाजूला ठेवलं होतं. मग त्यांनी नाळेच्या रक्ताचं सांगितलं. बाळ जन्मलं, नाळ कापली, की नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं त्यात ह्याच पेशी असतात. ते पिशवीत धरून गोठवून ठेवतात. त्याच्या सार्वजनिक बँका आहेत. कुणीही आपल्या बाळाच्या नाळेचं रक्त तिथं द्यावं, ज्याला जुळेल त्याला ते मिळावं, पैशाचा संबंध नाही. तिथं शोधलं. पोरीला जुळणारं काही सापडलं नाही.

मी विचारलं, का नाही? एवढा देश, रोज एवढी बाळं जन्मतात.

"मॅडम, तुमच्या भागातून देतं कोण?" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

खरंच, कोण देतं? नांदेडच्या सरकारी दवाखान्यात उमरीपासून देगलूरपर्यंतच्या बायका बाळंतपणाला येतात. त्या सगळ्यांच्या नाळा कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात आणि जळतात. माझी दोन्ही बाळंतपणं नांदेडातच, खासगी दवाखान्यात झाली. तिथं मात्र टाय घातलेला एक माणूस गुळगुळीत पुस्तिका घेऊन आला होता. नाळेचं रक्त आमच्या कंपनीत ठेवा, तुमच्या बाळाचं फक्त तुमच्या बाळासाठी, म्हणाला. पुस्तिकेवर गोरंगोमटं बाळ, निळ्या डोळ्याचं. आमच्याकडं कुणाला झालंय असलं बाळ? हेच रक्त सगळ्यांसाठी देता येतं हे त्यानं सांगितलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी तर तोंडच उघडलं नाही. आणि समजा मी देते म्हणाले असते, तरी घ्यायला इथं होतं कोण? नांदेडात नाही, लातुरात नाही. आमच्याकडचा ऊस न्यायला गाड्या येतात, सोयाबीन न्यायला येतात, नाळ न्यायला कुणाला सवड नाही.

स्टाफरूममध्ये मी हे बोलले, तर आमच्या एक बाई म्हणाल्या, "पण आपल्या लेकराचं रक्त कुणाला का म्हणून द्यायचं? कुणाच्या अंगात जाईल काय माहीत. जात ना पात." मी म्हणलं, "बाई, पिवळ्या पिशवीत टाकताना जात विचारली होती का हो तुम्ही?" तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं, डोक्याला ताप कमी.

आजार परत आला तेव्हा बहीण पोटुशी होती. पोरगी बरी झाली असं समजून त्यांनी दुसऱ्याचा विचार केला होता. ती रडायची, म्हणायची, एक मरायला टेकलंय आणि मी दुसरं घेऊन बसलेय. पण डॉक्टरांनी तिच्या पोटाकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, हेच बाळ जुळू शकतं. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. ह्याच्या नाळेचं रक्त जन्मल्या क्षणी धरलं पाहिजे. बाळाचा बोन मॅरो, म्हणजे ह्याच पेशी असलेला हाडातला मगज, पुढं कधी घेऊ म्हणाल तर तान्ह्या लेकराचा काढता येत नाही, ते मोठं होईपर्यंत थांबावं लागेल, आणि पोरीला थांबायला वेळ नाही. तेव्हा जे काही मिळायचं ते त्या एका क्षणाला, नाळेतून.

हैदराबादचीच एक सार्वजनिक बँक तयार झाली. तिथल्या बाईंशी मी किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही लातूरला कधी येत नाही, पण आजारी भावंड आहे म्हणून माणूस पाठवू. रक्त जुळलं तर तुमच्या पोरीचं, नाही जुळलं तर बँकेत राहील आणि ज्या कुणाला जुळेल त्याला जाईल. कबूल का? मी म्हणलं, कबूल, हजार वेळा कबूल. बहिणीचं पहिलं सिझर होतं, दुसरंही सिझरच होणार होतं, त्यामुळं तारीख आधी ठरवता येत होती. लातूरच्या डॉक्टरांना सगळं सांगून गुरुवार ठरला. बँकेची बाई गुरुवारी सकाळी लातुरात पोचणार, बाळ दुपारी. मी पण सकाळीच जाणार.

राहिली होती बहिणीची सासू. मी त्यांना काकू म्हणते, ती आत्याबाई. त्यांच्या घरात नाळेचं फार. वार घरी आणायची, मातीच्या हंडीत घालायची, हळद-मीठ टाकून तोंड बांधायचं, अंगणात खोल पुरायची, वर दगड ठेवायचा. कुत्र्यानं उकरलं तर लेकराला बाधतं. बाळाची वाळून पडलेली नाळ तर फडक्यात बांधून देवघरात. बहिणीच्या नवऱ्याची अजून आहे. तो लहान असताना त्याचं पोट दुखलं की तीच उगाळून द्यायचे म्हणे. म्हणजे नाळ हे औषध, हे काकूंना माझ्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांचं भांडण वेगळंच होतं.

"परक्याच्या हाती नाळ द्यायची न्हाई बगा ताई," त्या म्हणाल्या. "कोन काय करंल, सांगता येत न्हाई."

मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी त्यांना समजावून सांगितलं. नाळ कुणी नेत नाही, नाळेतलं रक्त नेतात. नाळ कापल्या कापल्या, त्याच मिनिटाला, सुईनं पिशवीत धरतात. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. घरी ठेवून उपयोग नाही. सगळं सांगितलं. त्या पोरीचा फ्रॉक मांडीवर घेऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्या पोरीचं औषध त्येच्यात हाय म्हणता न्हवं? मग देव काय म्हणायचं ते म्हणो. ह्या बारीला मी वार पुरत न्हाई." आणि डोळ्याला पदर लावला. मी निघताना मनात म्हणलं, चला, एवढी एक खिंड तर लढवली. मला माझंच कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी सकाळी मी एसटीनं लातूरला उतरले. पोरगी आणि तिचा बाप हैदराबादेत होते, तिला औषधं चालू होती. मी रिक्षानं तडक दवाखान्यात गेले. दारातच बहिणीचे सासरे उभे. अंगावर धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, हातात पेढ्याचा बॉक्स.

"या ताई, या! तोंड गोड करा. नातू झाला."

मला वाटलं चेष्टा करून राहिले. मी म्हणलं, "अजून व्हायचाय मामा. दुपारी."

"अहो काल झाला! काल संध्याकाळी. तुम्ही येनारच होता म्हणून म्हणलं, फोनवर कशाला, आल्यावर तोंडावर सांगू."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी तिथंच पायरीवर बसले. ते आपले आनंदात सांगत होते. त्यांनी गुरुजींना पंचांग दाखवलं, तर गुरुवारी ज्येष्ठा नक्षत्र. ज्येष्ठेवर जन्मलेलं मूल थोरल्या भावंडाला जड. शुक्रवारी मूळ, ते त्याहून वाईट. बुधवारी अनुराधा, एकदम उत्तम. "आता तुमीच सांगा ताई, थोरली अशी आजारी, आन धाकट्याला ज्येष्ठेवर आणून तिच्या जिवावर उठायचं का? डॉक्टरला म्हणलं, बुधवारीच करा. तेनी बी हाव म्हणले."

पोरीच्या जिवावर उठू नये म्हणून! मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यात कपट नव्हतं, आडमुठेपणा नव्हता. रात्ररात्र जागून त्यानं नातीसाठी हे शोधून काढलं होतं.

"मामा, आणि रक्त?" मी विचारलं.

"कसलं रक्त? ते? ते हाय की!" ते हसले. "तुमच्या काकूनं लई जपून ठेवलंय. घरी हाय. पुरलं न्हाई."

बँकेची बाई तेवढ्यात आलीच. चाळिशीची, तेलुगू, उदगीरवरून आलेल्या बसमध्ये बसून अवघडलेली, खांद्याला बर्फाची निळी पेटी. मला म्हणाली, "मॅडम, टाइम पे आ गई ना मैं?" मी तिला काही सांगितलंच नाही. सासऱ्यांनी रिक्षा थांबवली आणि आम्ही तिघं घरी गेलो. मला ठाऊक होतं, काही उरलेलं नाही. विज्ञान शिकवते मी. तरी गेले. मन कसं असतं बघा, वाटलं, कोण जाणे, थोडंफार.

काकूंनी हंडी देवघरात ठेवली होती. पुरली नव्हती, शब्द पाळला होता. तोंडाला नवं कोरं लाल फडकं बांधलेलं, वर हळदकुंकू वाहिलेलं. खाली पाट. उष्णतेनं खराब होऊ नये म्हणून भोवती ओलं पोतं गुंडाळलेलं, आणि रात्रभर उठून उठून त्यावर पाणी शिंपडलं होतं. "हात लावू दिला न्हाई कुणाला," त्या म्हणाल्या. "सोवळ्यात हाय. दवाखान्यातली बाई पिशवीत टाकत होती, तिच्या हातातनं मागून घेतली. न्या बाई, न्या. माझ्या पोरीला बरं करा."

त्या बाईनं फडकं सोडलं. आत बघितलं. हळद, मीठ, आणि काळपट झालेला गोळा. तिनं फडकं परत होतं तसं बांधलं, हळूच, गाठ सुद्धा तशीच मारली. आणि माझ्याकडं न बघता काकूंना म्हणाली, "अम्मा, इसमें अब कुछ नहीं मिलता."

"काय म्हणती?" काकूंनी मला विचारलं.

मी काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. जे आठवतं ते लिहायला लाज वाटते. हंडीला मी लाथ मारणार होते, त्या बाईनं माझा दंड धरला. मी ओरडले, की मी अर्धा तास बसून काय सांगत होते तुम्हाला, त्याच मिनिटाला म्हणलं होतं का नव्हतं? काकू भेदरल्या. म्हणाल्या, "तुम्ही म्हणला औषध नाळंत हाय. नाळ तर हाय की ही. आख्खी हाय." सासरे दारात उभे होते, त्यांच्या हातातला पेढ्याचा बॉक्स तसाच.

बँकेच्या बाईनं पाणी मागितलं, प्याली, आणि निळी पेटी रिकामीच घेऊन परत गेली.

मग मी सिझर करणाऱ्या डॉक्टरांकडं गेले. लातुरातले मोठे डॉक्टर, त्यांच्या केबिनमध्ये गणपती, लक्ष्मी, सगळे. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना, बँकेचा माणूस गुरुवारी येणार होता? ते म्हणाले, "माहीत होतं. पण घरचेच म्हणाले बुधवारी करा, मला वाटलं तुमचं ते कॅन्सल झालं." मी म्हणलं, एक फोन करता आला नाही? ते म्हणाले, "मॅडम, माझ्याकडं निम्मे पेशंट मुहूर्त घेऊन येतात. मी प्रत्येकाला का म्हणून विचारत बसू? नाही म्हणलं तर समोरच्या दवाखान्यात जातात." मला त्यांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली. पण माणूस खोटं बोलत नव्हता. तिथं बाहेर बाकड्यावर बसलेल्या दोन बायकांच्या हातात पंचांगाचं पान होतं, मी डोळ्यांनी बघितलं.

बहीण खाटेवर पडलेली होती. बाळ कुशीत, गोरं, गुटगुटीत, जावळ भरपूर. तिनं मला बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. मी म्हणलं, "त्यांचं सोड, तुला तर कळत होतं. तू का नाही फोन केलास मला?"

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "आत्याबाई म्हणल्या नाळ ठेवतो. मला वाटलं ठेवलेल्यातनं घेता येत असंल. आन अक्का," ती म्हणाली, "मला भीती वाटली. ज्येष्ठेची. मी म्हणलं, खरं असलं तर? तू हसली असतीस, म्हणून तुला न्हाई विचारलं."

हसले असते मी. नक्की हसले असते, आणि मग फोनवर दहा माणसांना झापलं असतं, आणि बुधवार मोडून काढला असता. हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच मला कळवलं नाही. तिचा नवरा हैदराबादेत बसून बुधवारी संध्याकाळीच फोनवर विचारत होता, रक्त घेतलं का, आणि त्याचा बाप त्याला सांगत होता, समदं नीट ठेवलंय. तो बिचारा त्या रात्री नीट झोपला असेल.

हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, तरी बाळाचं जुळतं का ते बघून घेऊ. बाळाच्या टाचेतून थोडं रक्त घेऊन तपासणीला गेलं. तो अहवाल यायला वेळ होता. तेवढे दिवस मी देवाकडं काय मागत होते, सांगू? न जुळू दे. चारातल्या तिघांत जाऊ दे ते. मग बुधवार काय आणि गुरुवार काय, कुणाचंच काही गेलं नाही, असं म्हणता येईल. मी देव मानत नाही, शाळेत पोरांना ग्रहणाच्या वेळी मुद्दाम खायला लावते. तरी मागत होते.

अहवाल आला तेव्हा रविवार होता आणि मी लातूरला बहिणीकडंच होते. फोन तिच्या नवऱ्याचा आला, त्याच्या आईला. फोन ठेवून काकू ओरडतच आत आल्या, "जुळलं! समदं जुळलं! पुरं जुळलं म्हणले डॉक्टर!" त्यांनी देवापुढं साखर ठेवली. बाळाची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली. बहिणीच्या तोंडात साखर घातली, माझ्या तोंडात घातली. "बगा ताई, तुमी उगं घाबरवलं आमाला. भाऊ भैनीला जुळला. आता घ्या म्हणावं रक्त, पायजे तेवढं घ्या."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. साखर तोंडात तशीच धरून बसली होती ती, गिळत नव्हती.

ते सांगायचं माझ्यावरच आलं. इतके दिवस मी मनातल्या मनात काकूंना काय काय बोलले होते. आता मी त्यांच्याकडं पाट सरकवला. मी म्हणलं, "काकू, बसा. आता नाही घेता येत. तो तान्हा आहे. त्याच्या हाडातलं काढायला निदान वर्षभर थांबावं लागतं, आणि तेवढं थांबायला पोरीकडं नाही. जे घ्यायचं होतं ते त्या दिवशीच होतं. नाळेत."

त्या उभ्याच राहिल्या. मला वाटलं कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या हंडीत व्हतं?"

मी नाही म्हणू शकले असते. हंडीत नव्हतंच ते, हंडीत जायच्या आधीच वाया गेलं होतं, काहीतरी असं सांगता आलं असतं. मी म्हणलं, "हो."

त्या आत गेल्या आणि चुलीपाशी पोळ्या करत बसल्या. घरात कुणी जेवलं नाही, तरी त्या करत होत्या.

पुढचं थोडक्यात सांगते, जास्त सांगायची ताकद नाही. बापाच्या निम्म्या जुळणाऱ्या पेशी घेऊन केलं. डॉक्टरांनी आपल्याकडून काही कमी केलं नाही. सुरुवातीला पेशी अंगात रुजल्या, पोरीनं फोनवर मला गाणं म्हणून दाखवलं, शाळेतलं, अर्धवट. मग अंगभर चट्टे उठले, मग फुप्फुसात जंतू गेले. काचेच्या पलीकडून तिचा बाप तिला हात करायचा. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

मधल्या काळात मी नांदेडात चार दवाखान्यांत गेले, सार्वजनिक बँकेला नाळेचं रक्त द्या म्हणून बायकांना सांगू द्या, म्हणून. एका ठिकाणी त्यांनी मला टायवाल्या माणसाचा नंबर दिला. बाकीच्यांनी चहा दिला. हैदराबादला फोन केला तर ते म्हणाले, भावना समजते, पण रोज तिकडं माणूस पाठवणं आम्हाला परवडत नाही. त्यांचंही खरं असेल. सगळ्यांचंच खरं आहे. प्रत्येकाचं खरं ऐकून माझं डोकं उठलंय.

पोरीच्या तेराव्याला मी लातुरात होते. बायका येत होत्या, बसत होत्या, उठत होत्या. काकू कोपऱ्यात, भिंतीला टेकून. सासऱ्यांनी पंचांग बघणं सोडलं नव्हतं, तेराव्याची वेळही त्यांनीच काढली होती. बाळ आता पालथं पडायला लागलं होतं. कुणीतरी बाई त्याला बघून शेजारणीला हळूच विचारत होती, "कोणत्या नक्षत्रावरचं हाय म्हणं?" शेजारणीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या बाईनं मान डोलावली, बाळाच्या गालाला हात लावला आणि बोटांचा मुका घेतला.

बहिणीनं ते सगळं बघितलं. बायका गेल्यावर तिनं बाळाला उचलून छातीशी इतकं आवळून धरलं की ते रडायला लागलं.

"अक्का," ती म्हणाली, "एक तरी बरं झालं बघ. बुधवारी झाला. गुरुवारी झाला असता तर आज समद्यांनी ह्यालाच खाल्लं असतं. बहिणीला खाऊन बसला म्हणले असते. जल्मभर म्हणले असते."

गुरुवारी झाला असता तर पोरगी इथं खेळत असती, हे बहिणीला माझ्याइतकंच ठाऊक होतं. अहवाल तिनंही वाचला होता. तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं, आणि मी काय म्हणते ह्याची वाट बघत ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी बाळाला तिच्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं, थोपटलं.

"हाव," मी म्हणलं. "बुधवारी झाला ते बरं झालं."